कॉम्प्युटरातल्या गणपतीची बोळवण

वैजयंतीबाई बागलांच्या केंद्रातला कॉम्प्युटर सकाळी चालू झाला की आधी घंटा वाजायची. मग पडद्यावर गणपती यायचा, त्याच्यामागे सोनेरी किरणं गरगर फिरायची आणि खाली अक्षरं उमटायची : ‘विघ्नहर्ता गुणमेलन. संगणकाची अचूकता, शास्त्राचा आधार.’ कुठलं शास्त्र आणि कसला आधार, हे विचारायची पद्धत सोलापूरच्या सात रस्त्यावर नव्हती. घंटा वाजली की समोर बसलेले मुलीचे वडील आपोआप चपला काढायचे. वैजयंतीबाई त्यांना अडवत नसत. फरशी स्वच्छ राहायची.

केंद्राचं नाव मंगलतोरण. झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला, उभा जिना. पाटीवर नावापेक्षा खालची ओळ मोठी होती, तीही लाल रंगात : ‘कॉम्प्युटरवर अचूक गुणमेलन.’ बाकी वेळ कॉम्प्युटरवर सोलापुरी टॉवेल पांघरलेला असायचा. धूळ बसू नये म्हणून, आणि खरं म्हणजे टॉवेल दूर करताना गिऱ्हाइकाच्या छातीत जे धस्स व्हायचं त्यासाठी.

बाईंचं मूळचं कसब मात्र वेगळं होतं. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या, पण माणूस वाचायला कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. पूर्वी स्थळ आलं की स्वतः एस.टी.त बसून घर बघायला जायच्या. पाणी प्यायच्या निमित्ताने थेट स्वयंपाकघरात. परत येताना सासूचा स्वभाव, फडताळातली रिकामी बाटली आणि नवऱ्या मुलाची आईपुढची हिंमत, असा सगळा ऐवज घेऊन यायच्या. त्यांनी जुळवलेली ती जुनी लग्नं अजून टिकून आहेत. त्यातली काही भांडत टिकलीत, पण टिकलीत.

मग एका गड्ड्याच्या जत्रेत, सीडी विकल्या जायच्या त्या काळात, होम मैदानावर आकाशपाळणा आणि पोपटवाला ज्योतिषी यांच्यामधल्या स्टॉलवर त्यांना विघ्नहर्ता भेटला. पोपटवाल्याकडे चिटपाखरू नव्हतं, सीडीवाल्याकडे रांग होती. बाईंनी रांग बघितली आणि काळ ओळखला. त्यानंतर त्यांचं घरं बघायला जाणं बंद झालं. जन्मतारीख टाका, जन्मवेळ टाका, बटण दाबा. कागद बाहेर. एस.टी.चे धक्के नाहीत, कुणाच्या घरचा गोडमिट्ट चहा नाही.

कागदावर ‘नाही’ आलं की नाही. वडील विनवण्या करायचे, पेढे पुढे सरकवायचे. बाई म्हणायच्या, “मी काय करू? तो भीड ठेवत नाही.” पेढे मात्र ठेवून घ्यायच्या. बागलबाईंचा कॉम्प्युटर लाच खात नाही, अशी ख्याती पार करकंबपर्यंत पोचली.

इंटरनेट आल्यावर विघ्नहर्ता सुधारला, म्हणजे बिघडला. प्रत्येक कुंडलीत दोष निघायला लागला आणि खाली शांतीसाठी फोन नंबर. मग पुष्कराज खडे आले. हल्ली तर गणपतीच्या सोंडेखाली केसगळतीवरचं तेल यायचं. बाईंना ते दिसत होतं. पण चालत्या गाडीला कोण हात दाखवतं?

अशा बाईंच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

वैष्णवी जेऊरच्या शाळेत गणित शिकवायची, रोज रेल्वेने जा-ये. शाळेच्या आवारात शिरलेल्या एका तापट गाईला इंजेक्शन द्यायला जनावरांचा डॉक्टर आला आणि गाईचं दावं धरायला शिक्षकांपैकी एकटी वैष्णवी बाहेर आली. डॉक्टरचं नाव अभिमन्यू नरसाळे, गाव करकंब. गाय बरी झाली. हे दोघं मात्र कामातून गेले.

पोरीचा प्रश्न आला तसं बाईंचं जुनं कसब जागं झालं. त्या टॉवेलकडे न बघता करकंबची एस.टी. धरून गेल्या, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरल्या. अभिमन्यूची आई बजाबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती आणि मुलगा शेजारी बसून शेंगा सोलत होता. घर बाईंना पसंत पडलं. बजाबाई थोडी तिखट वाटली, पण वैष्णवीही काही श्रीखंड नव्हती.

परत आल्यावर, निव्वळ सवयीने, बाईंनी दोघांच्या जन्मवेळा कॉम्प्युटरात घातल्या. घंटा वाजली. किरणं फिरली. लाल अक्षरात आलं : ‘विवाह वर्ज्य. वियोग संभवतो. शांतीसाठी त्वरित संपर्क साधा.’ खाली तेलाची बाटली.

बाईंनी पडद्यावर टॉवेल टाकला. जणू आपण नाही बघितलं तर त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी करकंबहून फोन आला. बोलत होते बजाबाईंचे भाऊ, कोंडीबामामा. त्या घरात बोलायचं काम मामांचं आणि ठरवायचं काम बजाबाईंचं.

“पोरगी आमाला पसंत हाय. रविवारी येतो, सुपारी फोडू. फकस्त त्यो कागद तेवढा काढा. आमच्या डोळ्यांम्होरं.”

“अहो मामा, आपल्यात कशाला कागद? घरचं कार्य.”

“असं कसं, बाई? आमच्या बजाच्या कावेरीचं बार्शीचं स्थळ तुमच्याच कागदावरनं मोडलं की. पोरगा सोन्यावानी, भुसारचं दुकान. तुमी म्हनलात, कॉम्प्युटर न्हाय म्हंतो. आमी मान खाली घालून ऐकलं. मग तुमच्या पोरीला येगळा न्याय हाय व्हय?”

बाईंना कावेरी आठवली. खरं तर कावेरी नाही, तिचा कागद आठवला. लाल अक्षरं आणि ‘त्वरित संपर्क’. बार्शीच्या त्या घरी त्या गेल्याच नव्हत्या. त्या दिवशी ऊन फार होतं.

संध्याकाळी वैष्णवी घरी आली तर आई भाजीवर राग काढत होती.

“आई, खरं सांगून टाक ना त्यांना. ते सॉफ्टवेअर भंपक आहे म्हणून.”

“आणि उद्या केंद्र कशावर चालवू? इतकी वर्षं ज्याला ब्रह्मवाक्य म्हटलं त्याला भंपक म्हणू?”

“मग लग्न मोडू दे.”

“तुझी जीभ मोडते बघ! लग्न होईल. ते सॉफ्टवेअरच नको. असं पुसते की परत नाव निघायला नको. कागद मागितला तर म्हणेन, व्हायरस आला.”

“म्हणजे खोटं बोलायचं, पण त्यासाठी कष्ट घ्यायचे. वा!”

बाईंनी कढई आपटली. पोरी शिकल्या की असं टोचून बोलतात. शिकवतोही आपणच.

सकाळी त्यांनी गौसला बोलावलं. गौसचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चौकापलीकडे. तोंडाचा पट्टा अखंड, आणि कुठलंही दुखणं असो, नवीन हार्ड डिस्क घ्या हा त्याचा ठरलेला काढा. तो आला, टॉवेल बाजूला केला, घंटा वाजली, गणपती प्रकटला. गौसने माऊसवर ठेवलेला हात चटका बसल्यासारखा उचलला.

“ये मेरे से नहीं होता, मॅडम.”

“का रे? साधं काढून टाकायचंय.”

“काढून कुठं टाकायचं? ते बघा, कचऱ्याची पेटी. गणपती उचलून कचऱ्यात टाकू? मी? गौस? खाली झेरॉक्सला दहा लोक उभे आहेत. एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढला की संध्याकाळपर्यंत माझं दुकान आणि मी, दोन्ही डिलीट.”

“अरे, तो काही खरा गणपती नाही. तेल विकतो.”

“ते तुमी बोलू शकता. मी नाही. मेरे कू इसी गाव में रहना है.”

बाईंना हसू आलं आणि मग हसण्यासारखं नाही हेही ध्यानात आलं. गावात चांगलं नांदायचं तर कुणी कुणाच्या देवाला माऊसही लावायचा नाही, अशी आता रीत पडली होती. त्यांनी स्वतः माऊसचा बाण गणपतीच्या छोट्या चित्रावर नेला, धरून ओढायला लागल्या, आणि कचऱ्याच्या पेटीशी येऊन त्यांचाही हात थबकला. बी.ए. झालं म्हणून काय झालं? लहानपणी निर्माल्यावर पाय पडला तर नमस्कार करायला शिकवलेला हात तो.

“कचऱ्यात नको,” त्या म्हणाल्या. “याचं विसर्जन करू.”

आता विसर्जन म्हटलं की बाईंना अर्धवट काही जमत नाही. कॉम्प्युटरपुढे अक्षता, जास्वंदीचं फूल, वाटीत दही-पोहे. उत्तरपूजा झाली. मूर्ती जागची हलवतात तसा त्यांनी पडदा दोन्ही हातांनी धरून जरासा सरकवला. मागची एक वायर निघाली ती गौसने खोचली. मग डोळे मिटून, लहानपणापासून पाठ असलेला मंत्र खणखणीत म्हणून टाकला, थेट शेवटच्या ‘पुनरागमनाय च’ पर्यंत. गौस दाराशी हात बांधून उभा. खालचा झेरॉक्सवालाही येऊन दही-पोहे घेऊन गेला.

मग गौसने लांबून सांगितलं, कुठे दाबायचं. बाईंनी दाबलं. विघ्नहर्ता सुखासुखी जाणारा नव्हता. त्याने विचारलं, ‘आपणांस घरातील सुख-शांती खरोखर काढून टाकायची आहे का?’ खाली एक भलं मोठं हिरवं बटण : ‘नाही, कृपा राहू दे.’ आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या करड्या अक्षरात : ‘होय.’ बाईंनी चष्मा पुसला आणि मुंगीवर टिचकी मारली. पडदा स्वच्छ. कचऱ्याची पेटीही रिकामी. त्यांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि घरी जाऊन शांत झोपल्या.

सकाळी कॉम्प्युटर चालू केला. घंटा वाजली. सोनेरी किरणं फिरली. आज नवीन मजकूर होता : ‘पुन्हा स्वागत आहे!’

बाई तरातरा चौक ओलांडून गौसच्या दुकानात. “गौस! परत आलाय तो!”

गौस कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने मान वर केली. “मग? तुमीच तर काल बोलला. झेरॉक्सवाल्याला विचारलं मी, मंत्राचा अर्थ काय. तो म्हणाला, परत या. आला बिचारा. बोलवल्यावर येणार नाही का?”

“चेष्टा पुरे. मला तो कायमचा जायला हवाय.”

“कायमचा,” गौसने स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचला. “मॅडम, भाडेकरूनं दारावरची नावाची पाटी काढली म्हणजे तो घर सोडून गेला का? आत पंखा लावून बसलाच आहे. काल तुमी पाटी काढली. त्याचा एक माणूस आत लपून बसलाय, कॉम्प्युटर चालू झाला की तो धन्याला आवाज देतो. आधी त्याला काढायचं, मग सामान काढायचं, मग त्या जागेवर दुसरं काही लिहून टाकायचं. एकदा नाही, सगळीकडे. नाहीतर माझ्यासारखा कुणी येतो आणि पुसलेलं परत वाचतो. नायतर सरळ नवीन हार्ड डिस्क...”

“नवीन काही नको. चल.”

“पण गणपती...”

“गणपतीचं मी बघते. हात माझा, डोकं तुझं.”

गौस आला, खुर्ची भिंतीशी ओढून बसला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. न जाणो. “आधी त्याच्यावर उजवं बटण दाबा. चित्र बदला असं येईल. साधं फोल्डरचं चित्र घ्या.”

बाईंनी केलं. गणपती गेला, त्या जागी साधी पिवळी पिशवी आली. आता ती कचऱ्यात टाकायला कुणाच्या बापाची हरकत नव्हती.

बाई त्याच्याकडे वळल्या. “हे कालच का नाही सांगितलंस?”

“काल तुमी एकदम विसर्जन बोलला. धरमच्या मामल्यात मी कशाला तोंड घालू? शिवाय दही-पोहे चांगले होते.”

मग लपलेला माणूस सापडला. त्याचं सामान सापडलं, कुठल्या कुठल्या कपारीत ठेवलेलं. बाईंचा हात, गौसचं तोंड. शेवटी गौसने एक काम लावून दिलं आणि पडद्यावर एक रेघ गोगलगाईसारखी सरकायला लागली. रिकाम्या झालेल्या जागेवर शून्यं लिहिली जात होती, म्हणे. नुसती शून्यं.

“आता ब्रह्मदेव आला तरी वाचू शकणार नाही,” गौस म्हणाला आणि जीभ चावली. “म्हणजे, कुणीच.”

रविवारी पाहुणे आले. कोंडीबामामा पांढऱ्या टोपीत, बजाबाई नऊवारीत, अभिमन्यू मागे कोऱ्या शर्टात. वैष्णवीने पोहे दिले. मामांनी पोहे संपवले, बशी ठेवली आणि हात पुसले.

“हं, बाई. घरचा कारभार झाला. आता तुमच्या हापिसात चला. कागद.”

बाईंनी तयारी केलेली होती. “काय सांगू मामा, व्हायरस आला. ते सॉफ्टवेअरच उडालं.”

मामा जराही विचलित झाले नाहीत. “असं व्हय. मग थांबू की! नवीन टाका. म्हैना लागंल, दोन म्हैने लागतील. आमाला घाई न्हाय. तुमच्या कागदाबिगर आमच्या गावात हल्ली म्हशीचा सौदाबी व्हईना.”

अभिमन्यूला ठसका लागला. वैष्णवी दाराच्या चौकटीला टेकून आईकडे बघत होती. गणिताच्या बाई उत्तर माहीत असूनही पोराला फळ्यापाशी उभं करतात, तशी बघत होती.

बाईंना वाटलं होतं की सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर असतं. ते मामांच्या टोपीखाली बसलेलं होतं, आणि तिथे ते बसवलं होतं त्यांनी स्वतः.

“मामा,” त्या म्हणाल्या, “व्हायरस वगैरे काही आला नाही. मी कागद काढला होता. कॉम्प्युटर नाही म्हणाला. म्हणून मी त्याला पुसून टाकलं.”



“न्हाय म्हनला?” मामांची टोपी हलली. “आन तरीबी...”

“तरीही. कारण मी तुमच्या घरी आले, तुमच्या बहिणीला बघितलं, तुमच्या भाच्याला शेंगा सोलताना बघितलं. मला दिसलं ते खरं. ती सीडी गड्ड्यात घेतलेली होती, पोपटवाल्याच्या शेजारून. तिला काय कळतंय?”

इतका वेळ गप्प बसलेली बजाबाई आता पुढे सरकली. तिच्या डोळ्यांत पाहुणेपणा उरला नव्हता.

“थांबा, बाई. म्हंजी माज्या कावेरीचं मोडलं, ते पोपटाच्या शेजारनं?”

बाईंनी मान हलवली.

“तुमच्या पोरीचं आलं तवा कॉम्प्युटर बुडवला. माज्या पोरीचं आलं तवा माज्या तोंडावर कागद टाकला. बार्शीला जाऊन बघितलं व्हतं का, पोरगा शेंगा सोलतो का न्हाय?”

“नाही.”

“का?”

ऊन फार होतं, असं काही बाईंच्या तोंडून निघेना. “चुकलं,” त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांत वापरला नव्हता. जरा अडकत बाहेर आला.

मामा उठायच्या बेतात. “चल ग बजा, हितं काय राम न्हाय.”

“तू बस खाली,” बजाबाई म्हणाली. मामा बसले. “बाई, पोरगी मला पसंत हाय. गाईचं दावं धरणारी सून मला कुटं गावायची? पर सुपारी आज फुटायची न्हाय. आदी तुमी बार्शीला जायाचं. त्या भुसारवाल्याच्या घरी. सोता. आन सांगायचं, कागद खोटा व्हता. पोरगा आजून बिनलग्नाचा हाय. आमची कावेरी रोज माळ्यावर जाऊन फोनवर त्येच्याशी बोलती, तिला वाटतं आमाला ठावं न्हाय. ते जुळलं की हे जुळलं.”

“आणि नाही जुळलं तर?”

“तर तुमच्या केंद्राचा उपेग काय?”

अभिमन्यू खाली मान घालून हसत होता. वैष्णवीने आईची पर्स आणि छत्री आतून आणून टेबलावर ठेवली. सोमवारची पहिली बार्शी गाडी किती वाजता आहे, तेही सांगितलं.

बार्शीत भुसारवाल्या शेटजींनी बाईंना गोणीवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. “कॉम्प्युटर चुकला?” ते सारखं विचारत होते. “बाई, कॉम्प्युटर चुकत नाही, असं तुम्हीच फोनवर म्हणाला होता. मग आम्ही नाही म्हणालो ते कुणाच्या शब्दावर?”

“माझ्या. आज हो म्हणा, तेही माझ्याच शब्दावर. पण जरा पाणी द्या. आत जाऊन पिते.”

आत मुलगा आईला शेंगदाणे पाखडून देत होता आणि तिच्या तोंडावर तिला सांगत होता की कावेरीशिवाय कुणाशी लग्न करणार नाही. आई सूप आपटत होती. बाईंनी पेला तोंडाला लावला, दोघांकडे नीट बघून घेतलं, आणि पेला खाली ठेवेपर्यंत त्यांना कळलं की हे लग्न भांडत टिकणारं आहे.

दोन्ही सुपाऱ्या एकाच दिवशी, करकंबला फुटल्या. कोंडीबामामांनी दोन्ही वेळा विचारलं, “कागद कुटाय?” आणि दोन्ही वेळा बजाबाईने त्यांच्या हातात पेढा ठेवला.

राहिली पाटी. ‘कॉम्प्युटरवर अचूक गुणमेलन’ ही ओळ झाकायला बाईंनी येडू पेंटरला सांगितलं. त्याने पांढऱ्या रंगाचा एक हात मारला. सोलापूरच्या उन्हात रंग वाळला आणि खालून लाल अक्षरं पुन्हा दिसायला लागली, गुलाबी होऊन. दुसरा हात मारला, तरी दिसली. लोक जिना चढून येतच राहिले. “खरडल्याशिवाय जायची नाही ती,” येडू म्हणाला आणि जेवायला गेला.

बाईंनी पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि त्याच्या पत्र्याच्या पट्टीने स्वतः खरडायला लागल्या. लाल पापुद्रे खाली झेरॉक्सच्या दारात पडत होते. तेवढ्यात हातात कुंडल्यांची गुंडाळी घेतलेला एक गृहस्थ खाली येऊन थांबला. चपला त्याने फुटपाथवरच काढल्या.

“बाई, गुणमेलन इथंच का?”

“इथंच होतं. आता बंद.”

“मग आता तुम्ही काय करता?”

“मी त्या घरी जाते. मुलगा पितो का, सासूचा हात सढळ आहे का, आईपुढे मुलाच्या तोंडून शब्द फुटतो का, ते डोळ्यांनी बघते आणि येऊन सांगते.”

फुटपाथ तापला होता, गृहस्थ एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

“छान, छान,” तो शेवटी म्हणाला. “पण त्याचा कागद मिळतो का?”